धुऱ्यापर्यंत आलेली नदी

माझ्या सासूबाई आणि चुलत सासूबाई सख्ख्या बहिणी होत्या. एकाच मांडवात दोघींची दोघा भावांशी लग्नं लागली, म्हणून गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. एक मोठी आणि एक धाकटी. मी दोघींनाही तोंडावर आत्याबाई म्हणायचे, पण मनात माझ्यासाठीही त्या मोठी आणि धाकटीच राहिल्या. त्यांची आई लवकर गेली होती. मोठीनं धाकटीला कडेवर घेऊन वाढवलं, आणि स्वतःच्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा बापाला सांगितलं की हिलाही त्याच घरात द्या. हे मला मोठीनंच सांगितलं, वांगी तोडता तोडता, सहज सांगावं तसं.

साठीचं दशक सरत आलं होतं. मी नागपुरातल्या महाल भागातली. आमच्या गल्लीच्या मागून नाग नदी जायची, तिला आम्ही नालाच म्हणत असू. त्यामुळे सासरचं गाव नदीकाठी आहे असं कळलं तेव्हा मला काही फार आनंद झाला नव्हता. लग्नानंतर नागपूरहून बसनं अलीकडच्या काठापर्यंत आलो, तिथून डोंग्यात बसलो आणि मी पहिल्यांदा कन्हान पाहिली. इतकं पाणी एका जागी मी पाहिलं नव्हतं. वर सातपुड्यात ती कशी असेल कुणास ठाऊक, पण कामठीजवळ पेंच आणि कोलार पोटात घेऊन ती आमच्याकडे यायची तेव्हा सपाट मुलखात पसरून इतकी संथ झालेली असे की वाहते कुठल्या बाजूला हे नव्या माणसाला सांगावं लागे. पलीकडे, आमच्या काठावर, गाव एका टेकाडावर होतं. घाटापासून गावापर्यंत नदीच्या काठाकाठानं पायवाट गेली होती. एका बाजूला पाणी, एका बाजूला वांग्याचं वावर, आणि मध्ये एक माणूस चालेल एवढी कठीण, गुळगुळीत झालेली माती. वर करंजाची झाडं. नव्या नवरीला घेऊन वऱ्हाड त्या वाटेनं एकामागे एक चालत गेलं. ते वावर आमचंच होतं, हे मला घरी गेल्यावर कळलं.

गावाच्या जरा वर, पलीकडच्या काठाला, नाग नदी कन्हानमध्ये शिरायची. तिचं काळं पाणी लगेच मिसळत नसे. बरंच अंतर ते पलीकडच्या काठाला धरून वेगळ्या पट्ट्यासारखं चालत राही. मोठीनं पहिल्याच आठवड्यात मला ते दाखवलं.

"तुह्या माहेरचं पाणी येऊन राहिलं, पाह्य," ती म्हणाली. ती थट्टा करत होती की काय, मला कळलं नाही. मग ती हसली, तेव्हा मीही हसले.

ती वाट सगळ्या गावाची होती. भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाया पहाटे तिच्यावरून घाटावर जात, तिथून डोंग्यानं पलीकडे आणि बसनं नागपूरच्या बाजारात. दिवाळीपासून होळीपर्यंत पाणी चांगलं असे तेव्हा दोन डोंगे एकत्र बांधून ढीवर लोक माल खाली नेत, कधी कधी पार अंभोऱ्यापर्यंत, जिथं कन्हान वैनगंगेला मिळते. येताना प्रवाह अंगावर असे. मग डोंग्याला दोर बांधून दोघं-तिघं त्याच पायवाटेनं तो ओढत आणत. दोर वांग्यांच्या शेंड्यांना घासत जायचा आणि माझे सासरे लांबून ओरडायचे, पण ते सवयीचं ओरडणं होतं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. थोरला भाऊ म्हणून वाटणीत नदीकडची पट्टी त्यांना मिळाली होती. गाळाची जमीन, हाताशी पाणी. तिला लागून आत, चढावर, धाकट्या भावाची पट्टी. त्यांना मी काकाजी म्हणायचे. दोन्ही वावरांच्या मध्ये एक धुरा, त्यावर गवत आणि दोन-चार बोरी. काकाजींनी आपल्या वावरातच घर बांधलं होतं आणि धाकटी तिथं राहायची. आमचं घर गावात. पण दोघी बहिणी रोज नदीवर धुण्याच्या दगडांवर भेटत, आणि धुणं संपलं तरी उठत नसत.

नदी आमचा काठ खाते हे मला दुसऱ्या पावसाळ्यात कळलं. आमच्या बाजूला तिचं वळण होतं. पाण्याचा जोर सगळा आमच्या काठावर यायचा आणि पलीकडे वाळू साचायची. पूर ओसरताना दुपारी स्वयंपाकघरात बसलं तरी तो आवाज ऐकू येई. कुणीतरी ओलं पोतं उंचावरून टाकावं तसा. मोठी हातातलं काम थांबवून ऐकायची आणि म्हणायची की गेला अजून एक तुकडा. त्या वर्षी दोन करंज गेले आणि वाट गेली. मामाजींनी वांग्याची काठची ओळ उपटली आणि नवी वाट पाडून दिली. लोक तिच्यावरून चालायला लागले आणि आठ-पंधरा दिवसांत ती जुनीच असल्यासारखी कठीण झाली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. प्रत्येक वेळी वाट आत सरकायची आणि वांग्यांच्या ओळी कमी व्हायच्या. मामाजी त्याबद्दल फार बोलत नसत. संध्याकाळी काठावर उभे राहून पलीकडे पाहत. तिकडे नवी वाळू, नवा गाळ, आणि त्यावर पलीकडच्या गावानं लावलेल्या डांगरवाड्या. उन्हाळ्यात तिकडून गोड डांगरं, म्हणजे खरबुजं, यायची. मामाजींनी ती कधी खाल्ली नाहीत.

असं करता करता आमची पट्टी इतकी अरुंद झाली की वाट ठेवली तर वावर राहत नव्हतं आणि वावर ठेवलं तर वाट. तेव्हा हे, म्हणजे माझे यजमान, म्हणाले की काकाजींना विचारून पाहू. वाट धुऱ्यावरून नेली तर दोघांचंही काही जात नाही. मामाजी आधी तयार नव्हते. मोठीनं त्यांना तयार केलं.

काकाजी आमच्याकडे आले, ओसरीवर बसले. मी चहा घेऊन गेले आणि दाराआड थांबले. मामाजींनी सगळं नीट सांगितलं. धुरा दोघांचा आहे, वाट धुऱ्यावरून जाऊ दे, थोडी तुझ्या बाजूला सरकेल, गावाचीच वाट आहे. काकाजींनी चहा संपवला. मग म्हणाले, "वाट नदीकाठची. आन् नदीकाठ तुझा."

मामाजी म्हणाले, "काठ राह्यला कुठं गा आता?"

"मी इंजिन आणलं तवा पाट जाऊ देला होता काय तू? तुह्या वावरातून एक पाट. हातभर रुंद. तवा तुही वांगी मोडत होती. आता मी वाट काहून देऊ?"

ही गोष्ट मला माहीत नव्हती. रात्री ह्यांनी सांगितली. आमच्या लग्नाच्या आधी, पाऊस दगा देऊन गेलेल्या एका वर्षी काकाजींनी ऑइल इंजिन आणलं होतं. नदीचं पाणी आपल्या चढावरच्या वावरात न्यायचं तर पाट आमच्या पट्टीतून जाणार होता. मामाजींनी नाही म्हटलं. काकाजींचं पीक उभं वाळलं, आणि त्यांनी धाकटीच्या सोबत कावडीनं पाणी वाहून घराजवळची थोडी मिरची तेवढी जगवली. इंजिन पुढे किती तरी वर्षं झोपडीत तसंच पडलं होतं. मामाजींनी असं का केलं, हे मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, तेव्हा बाबाला वाटलं असेल की एकदा पाट गेला की तो हक्क होतो. बस, एवढंच. दोघंही भाऊ वाईट नव्हते. पण काकाजींनी ते दिवस विसरू दिले नव्हते, स्वतःला.

त्यानंतरच्या श्रावणात मोठा पूर आला. म्हाताऱ्या लोकांनीही तसा पाहिला नव्हता असं म्हणत होते. पाणी टेकाडाच्या पायथ्याला लागलं आणि दोन दिवस तसंच राहिलं. आम्ही वरून पाहत होतो. नदी कुठे संपते आणि आमचं वावर कुठे सुरू होतं हे काही दिसत नव्हतं, फक्त धुऱ्यावरच्या बोरींचे शेंडे पाण्याबाहेर थरथरत होते. पाणी उतरलं तेव्हा त्या बोरी काठावर उभ्या होत्या. म्हणजे नदी धुऱ्यापर्यंत आली होती. आमची विहीर, वांगी, करंज, वाट, धुण्याचे दगड, काहीच उरलं नव्हतं. गावाकडच्या टोकाला एक त्रिकोणी तुकडा राहिला होता, त्यावर गोठा बांधता आला असता, एवढाच. मामाजी खाली उतरले नाहीत. टेकाडावरच बसून राहिले. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "येतो, तू हो पुढं." आणि आले नाहीत.

आता काठ काकाजींचा झाला होता. लोक सवयीनं त्यांच्या वावराच्या कडेनं चालू लागले, कारण दुसरीकडून जाणार कुठून. काकाजींनी थोडे दिवस पाहिलं आणि मग गावाकडच्या टोकाला बोरीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, आणून टाकल्या. घाटाकडच्या टोकालाही. पंच बसले. काकाजींनी त्यांना सांगितलं की जुनी वाट नदीत आहे, तिला विचारा. पंचांना ते आवडलं नाही, पण वावर काकाजींचं होतं. घाटावर जायला आता मागची गाडीवाट उरली. ती काकाजींच्या वावराला मोठा वळसा घालून, एक नाला ओलांडून जायची, आणि पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखल असे. भाजीच्या बाया त्या वाटेनं जाऊ लागल्या आणि निम्म्यांनी बाजार सोडला. ढिवरांना डोंगा ओढायला काठ राहिला नाही. खालच्या फेऱ्या बंद झाल्या. एकच म्हातारा नावाडी घाटावर राहिला, पलीकडे सोडण्यापुरता.

काकाजींनी धाकटीला आमच्याकडे यायला मनाई केली असं ऐकलं. ती आली नाही एवढं खरं. पण रोज दुपारी ती गावाकडच्या काट्यांपाशी येऊन बसायची, आणि अलीकडून मोठी जायची. मध्ये काट्या, आणि दोघी भाजी निवडत बसलेल्या. मी एकदा मोठीला बोलवायला गेले तेव्हा पाहिलं, त्या फार काही बोलत नव्हत्या. मोठीनं ताटलीत अंबाडीची भाजी आणली होती, ती काट्यांवरून हात उंच करून तिकडे दिली. धाकटीच्या बांगड्या काट्यात अडकल्या आणि मोठीनं त्या सोडवल्या. काही दिवसांनी काकाजींनी त्या जागी काट्यांची दुसरी ओळ टाकली. मग ताटली पोचत नसे. तरी दोघी येऊन बसत.

दोन वर्षं अशी गेली. आमच्याकडे वावर नव्हतं. हे दुसऱ्यांच्या कामावर जात. मामाजी घरात बसून दोर वळत, कुणी मागितलेले नसताना. मोठी मात्र पहिल्यासारखीच उठून सडा घालायची, पहिल्यासारखीच माझ्यावर ओरडायची. मग भादव्यात तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. गावठी औषध झालं. तिला अन्न जाईना. ह्यांनी ठरवलं की नागपूरला दवाखान्यात न्यायचं. गादी टाकून तिला बैलगाडीत ठेवलं आणि गाडीवाटेनं निघाले, मी मागून चालत होते. नाल्यात गाडीचं चाक रुतलं. बैल जू टाकून बसले. हे आणि मामाजी चिखलात उतरून चाकाला खांदा लावत होते, आणि मोठी गाडीत पडल्या पडल्या वावराकडे पाहत होती. तिथून धाकटीचं घर दिसायचं. दुपारपर्यंत गाडी निघाली नाही. पलीकडची बस गेली. मोठी म्हणाली, "मले घरी ने. आता मले कुठं नको नेऊ." वाट मोकळी असती तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. डॉक्टरनंही कदाचित हातच टेकले असते. पण तिला माघारी नेताना ह्यांचं तोंड मी पाहिलं आहे.

पाच-सहा दिवसांनी सकाळी ती गेली. पाऊस लागून होता. मोठी काट्यांपाशी जाईनाशी झाली तेव्हा बहिणीला ताप आहे एवढंच धाकटीला कळलं होतं. काकाजींना त्याहून जास्त माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

स्मशान घाटाच्या पुढे, नदीवरच. माणसं जमली आणि अडली. नाल्याला पाणी आलं होतं, तिरडी घेऊन त्यातून जाणं शक्य नव्हतं. कुणीतरी म्हणालं की काकाजींना काट्या काढायला सांगू, अशा वेळी ते नाही म्हणणार नाहीत. एक जण निघालाही. मामाजींनी त्याला थांबवलं.

"तिची माती घेऊन मी त्याच्या दारी जात नाही," ते म्हणाले. "डोंग्यानं न्या."

म्हाताऱ्या नावाड्याला टेकाडाखाली बोलावलं. त्यानं दोन डोंगे एकत्र बांधले, पाणी मारून धुतले आणि वर बांबूचा तट्ट्या टाकला. तिरडी ठेवली. मामाजी, हे आणि खांदेकरी तेवढे बसले. बाकीची माणसं लांबून, नाल्याचं पाणी कमी असेल तिथून वळसा घेत निघाली. आम्ही बाया स्मशानात जात नाही, पण मी काठाच्या तुटक्या टोकापर्यंत गेले. पाऊस थांबला होता. नदी भरलेली, मातकट, आणि आवाज न करणारी. नावाड्यानं बांबूनं डोंगा काठापासून लोटला.

तेव्हा धाकटी घरातून बाहेर आली. आमच्याकडचं रडणं तिला ऐकू गेलं असणार. ती वावरातून धावत काठावर आली, आणि डोंग्यात काय आहे ते तिला दिसलं. डोंगा खाली चालला होता, ती त्याच्या बरोबरीनं काठावरून चालायला लागली. पदर खांद्यावरून पडलेला, पायात काही नाही. नावाड्यानं तिला पाहिलं आणि डोंगा काठाजवळ घेतला. तो बांबू तळाला रोवून डोंगा मागे धरत होता, म्हणजे तिला धावावं लागू नये. असं ते वावराच्या सगळ्या लांबीभर चाललं. डोंगा आणि ती. मामाजी पाठ फिरवून बसले होते. त्यांनी एकदाही काठाकडे पाहिलं नाही. वळणावर गेल्यावर मला काही दिसेना.

पुढचं ह्यांनी सांगितलं. वावर संपलं तिथं घाटाकडच्या काट्या होत्या. धाकटी तिथं येऊन थांबली. काकाजी इंजिनाच्या झोपडीपाशी उभे राहून सगळं पाहत होते. ते चालत आले, हातानंच काट्यांची मोठी फांदी ओढून बाजूला केली, वाट केली आणि तिच्याकडे पाहत उभे राहिले. ती पुढे गेली नाही. तिथंच, मोकळ्या झालेल्या जागेत खाली बसली. चिता पेटली, माणसं परत डोंग्यात बसली, तरी ती बसलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं गावाकडच्या काट्या एकटीनं ओढून नदीत टाकल्या. मी मदतीला गेले तर मला हात लावू दिला नाही. तिचे तळहात सोलले होते. मी काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं की आत्याबाई, राहू द्या, माणसं करतील. ती म्हणाली, "मानसंच करून राह्यले होते ना वं इतके दिवस."

वाट पुन्हा सुरू झाली. तेराव्याला काकाजी आमच्या अंगणात आले. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. मामाजी ओसरीवर होते, मान खाली. मी आतून पाण्याचा गडवा नेऊन दिला. त्यांनी पाणी प्यायलं, गडवा माझ्या हातात दिला, जरा वेळ उभे राहिले आणि गेले.

त्या दिवाळीनंतर आम्ही गाव सोडलं. ह्यांना नागपुरात लकडगंजात लाकूड चिरायच्या एका आरामशीनवर काम मिळालं आणि नंदनवनात दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. तेव्हा तिथं मोकळी जागा खूप होती, घरं विरळ. मामाजींना तिथं करायला काही नव्हतं. ते दारात खुर्ची टाकून बसत. शेजारचे विचारत की बाबा, गाव कोणतं. ते गावाचं नाव सांगत, आणि वावर आहे का असं कुणी विचारलं तर आहे म्हणत. मी कधी ते खोटं ठरवलं नाही. कागदावर ते असेलही.

काही वर्षांनी धाकटी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला आली. ह्यांनीच निरोप पाठवला होता की आमच्याकडेच राहा. सायकलरिक्षा दारात थांबली, ती एकटीच उतरली. काकाजी सोडायला आले होते, पण कोपऱ्यावरच्या हँडपंपापाशीच थांबले होते. मी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनाही ते दिसत होते. त्यांनी हाक मारली नाही आणि मला बोलावून आण असंही म्हटलं नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर हँडपंपापाशी कुणी नव्हतं.

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. तो आला की डोक्यावर पदर घेऊन आत जायचं. धाकटीनं ते आयुष्यभर पाळलं होतं. पण एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्यानंही धड दिसत नव्हतं तेवढे दिवस तिला आत कुठं आणि बाहेर कुठं हे कळत नसे, आणि मामाजी समोर बसलेले असत. एक दिवस तिनं बोलायला सुरुवात केली, हवेशी बोलावं तशी. तुम्ही गाव सोडल्यावर पुढच्या पावसाळ्यात आमच्याही वावराची नदीकडची बाजू गेली. मग इंजिनाची झोपडी. घराच्या मागच्या भिंतीला भेग आहे. वर पूल झाला, आता डोंग्यात कुणी बसत नाही, नावाडी मेला, त्याची पोरं वाळूच्या ट्रकवर जातात. काठावरून आता कुणीच जात नाही, गवत वाढलं आहे.

मामाजी ऐकत होते. ती थांबली. मग मामाजींनी विचारलं, "तो कसा हाये?"

"पाह्यत राह्यते नदीकडं," ती म्हणाली. "तुमच्यासारखंच."

त्यावर मामाजी उठून बाहेर गेले. पण त्या दिवसापासून तिच्या चहाचा कप ते स्वतः उचलून तिच्या हातात देऊ लागले. तिची पट्टी सुटली आणि ती पुन्हा पदर घेऊन आत बसायला लागली, तोपर्यंत.

मामाजी त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गेले. फार दुखणं नव्हतं. गावी निरोप गेला आणि काकाजी पहिल्या बसनं आले. त्यांनी खांदा दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर त्यांनी ह्यांच्याजवळ मडकं मागितलं. हे थोडा वेळ ते हातात धरून उभे राहिले. मग दिलं. काकाजी ते फडक्यात बांधून मांडीवर घेऊन बसनं परत गेले.

राख कुठं सोडली, हे मी पुढे धाकटी आली तेव्हा विचारलं. ती म्हणाली की काठावरून उतरायला जागाच नव्हती, म्हणून काकाजी दोर धरून उतरले. तुमचं वावर होतं त्याच जागी सोडली. आता तिथं डोह आहे, बांबू टाकला तरी तळ लागत नाही.

"रडले काय ते?" मी विचारलं.

"मले कसं दिसन वं?" ती म्हणाली. "मी वर होती."

ती चार दिवस राहिली. मी म्हटलं की दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन आता करून घ्या, हे घेऊन जातील. तिनं ऐकलं नाही. एकानं भागते, म्हणाली, आणि पिशवीत दोन साड्या घालून गावी गेली.